लेडी मॅकबेथच्या भूमिकेतील एलेन टेरी (तैलचित्र)

'लेडी मॅकबेथच्या भूमिकेतील एलेन टेरी' हे चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी इ.स. १८८९ मध्ये रंगविलेले तैलचित्र आहे. लंडनच्या लायसियम नाट्यगृहात २९ डिसेंबर १८८८ रोजी सुरू झालेल्या शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाच्या प्रयोगांत एलेन टेरी या इंग्लिश अभिनेत्रीने लेडी मॅकबेथची भूमिका केली होती. त्या भूमिकेच्या वेशात, दोन्ही हातांनी राजमुकुट आपल्या मस्तकावर उचलून धरलेल्या अवस्थेत, त्यांचे हे पूर्णाकृती चित्र आहे. कॅनव्हासची उंची २२१ सेंटीमीटर आणि रुंदी ११४.३ सेंटीमीटर आहे. चित्र लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयाच्या मालकीचे आहे.

व्हिक्टोरियाकालीन रंगभूमीचे हे सर्वांत परिचित चित्र मानले जाते. त्या काळच्या नाट्यप्रयोगांचे चलचित्रण झालेले नसल्यामुळे अभ्यासकांना चित्रे, छायाचित्रे, पोशाख, टिपणे आणि वृत्तपत्रांतील परीक्षणे यांवर विसंबावे लागते. या साधनांत सार्जंट यांच्या चित्राचे स्थान वेगळे आहे. चित्रातला पोशाख खरा आहे, अभिनेत्री खरी आहे, भूमिकाही खरी आहे. मात्र चित्रात दाखविलेला क्षण शेक्सपिअरच्या संहितेत नाही आणि लायसियमच्या रंगमंचावरही तो कधी सादर झाला नाही.

नाट्यप्रयोगाची पार्श्वभूमी

'मॅकबेथ' ही शेक्सपिअरची शोकांतिका सतराव्या शतकाच्या प्रारंभीची आहे. स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ याला तीन चेटकिणी भेटतात आणि तो राजा होईल असे भविष्य सांगतात. पतीच्या पत्रातून हे कळताच लेडी मॅकबेथच्या मनात राज्यपदाची अभिलाषा जागी होते. राजा डंकन त्यांच्या गढीत पाहुणा म्हणून आला असता पत्नीच्या आग्रहावरून मॅकबेथ त्याचा खून करतो व सिंहासन मिळवतो. पुढे एका पापातून दुसरे पाप घडत जाते. लेडी मॅकबेथचे मन ढासळते, ती झोपेत चालू लागते, हातावरचे रक्ताचे न दिसणारे डाग धूत राहते आणि अखेर तिचा मृत्यू होतो.

लायसियम नाट्यगृहाची सूत्रे १८७८ पासून हेन्री अर्व्हिंग यांच्याकडे होती. नट, निर्माता आणि व्यवस्थापक अशा तिन्ही नात्यांनी ते इंग्लिश रंगभूमीवरील त्या काळचे सर्वांत वजनदार व्यक्तिमत्त्व होते. १८९५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. अभिनयासाठी हा मान मिळविणारे ते पहिलेच नट होत. नाट्यगृहाचा व्यावसायिक कारभार ब्रॅम स्टोकर पाहत असत. 'ड्रॅक्युला' या कादंबरीमुळे त्यांचे नाव पुढे जगभर पोहोचले.

अर्व्हिंग यांनी मॅकबेथची भूमिका १८७५ मध्येही केली होती. १८८८ च्या प्रयोगात त्यांनी ती अधिक भव्य स्वरूपात नव्याने उभी केली. संगीत आर्थर सलिव्हन यांचे होते. रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवर अर्व्हिंग यांचे विशेष लक्ष असे. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ मध्येच विजेचे दिवे आले होते. तरी अर्व्हिंग यांची पसंती गॅसच्या मऊ, पिवळसर उजेडालाच राहिली. त्याच्या जोडीला लाइमलाइट वापरला जाई. कळीच्या चुन्याचा तुकडा वायूंच्या प्रखर ज्योतीत तापवून मिळणारा हा शुभ्र झोत रंगमंचावरील एखाद्या पात्रावर नेमका टाकता येत असे. या प्रयोगातील पोशाखाचा परिणाम समजून घेताना ही प्रकाशयोजना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

एलेन टेरी आणि भूमिकेचा अर्थ

एलेन टेरी (१८४७–१९२८) यांचा जन्म कॉव्हेंट्री येथे नटांच्या कुटुंबात झाला. १८५६ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांनी शेक्सपिअरच्याच 'द विंटर्स टेल' नाटकात बालभूमिकेतून रंगमंचावर पदार्पण केले. १८६४ मध्ये चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्याशी त्यांचा अल्पकाळ टिकलेला विवाह झाला. वॉट्स यांच्यापुढे चित्रासाठी बसण्याचा अनुभव असल्यामुळे चित्रकाराची दृष्टी त्यांना अपरिचित नव्हती. १८७८ मध्ये त्या अर्व्हिंग यांच्या मंडळीत आल्या आणि सुमारे दोन तपे लायसियमच्या प्रमुख अभिनेत्री होत्या.

लेडी मॅकबेथच्या भूमिकेवर त्या वेळी सेरा सिडन्स (१७५५–१८३१) या थोर अभिनेत्रीची छाप होती. सिडन्स यांनी ही भूमिका धाकदपटशाने भरलेली, भीषण व उदात्त अशी साकारल्याची आठवण इंग्लिश प्रेक्षकांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती. टेरी यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते लेडी मॅकबेथ ही मुळात पतीवर जीव असलेली स्त्री होय. तिची महत्त्वाकांक्षा पतीसाठी आहे आणि ती महत्त्वाकांक्षा पेलण्याचे बळ तिच्यात शेवटपर्यंत टिकत नाही. यासाठी त्यांनी संहितेचा बारकाईने अभ्यास केला. समासात टिपणे लिहिलेल्या त्यांच्या प्रती आजही उपलब्ध आहेत. विशेष म्हणजे, लेडी मॅकबेथ गौरवर्ण, कोमल, किंबहुना नाजूक असावी असे खुद्द सिडन्स यांनीही आपल्या टिपणांत नोंदविले होते. रंगमंचावर मात्र त्यांचा प्रभाव वेगळा पडत असे.

टेरी यांच्या या अर्थनिर्णयावर समीक्षकांत दोन तट पडले. भूमिकेत नवा प्राण आला असे काहींना वाटले, तर भीषणता हरवली अशी इतरांची तक्रार होती. पोशाखाबद्दल मात्र फारसा मतभेद नव्हता.

पोशाख

टेरी यांच्या पोशाखाची कल्पना ॲलिस कॉमिन्स कार यांची होती आणि तो प्रत्यक्ष तयार केला एडा नेटलशिप यांनी. कड्यांच्या चिलखतासारखा, पण मऊ, आणि सर्पाच्या खवल्यांसारखा चमकणारा असा झगा कार यांना हवा होता. त्यासाठी योग्य कापड इंग्लंडमध्ये मिळेना. अखेर नेटलशिप यांना बोहेमियातून आलेला, हिरवे रेशीम व निळसर कलाबतू एकत्र पिळलेला धागा सापडला. त्या धाग्याचे क्रोशाने विणकाम करून झगा सिद्ध झाला. त्याला लांब, रुंद, लोंबत्या बाह्या होत्या. काठांवर प्राचीन केल्टिक नक्षीच्या धर्तीची वेलबुट्टी होती.

तरीही रंगमंचावर हवी तेवढी चमक येत नव्हती, म्हणून झग्यावर सुमारे एक हजार हिरवे पंख टाचण्यात आले. हे पंख मराठी मुलांना 'सोनपाखरू' या नावाने ओळखीच्या असलेल्या भुंगेऱ्यांच्या गटातील कीटकांचे होते. सोनपाखराचे उडण्याचे पातळ पंख आत दडलेले असतात. वर दिसणारी हिरवीगार, धातूसारखी चकाकणारी जोडी म्हणजे त्यांवरचे कठीण कवच होय. या कवचाचा रंग हा रंगद्रव्याचा रंग नसतो. कवचात अतिसूक्ष्म थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या मेळातून हिरवा-निळा रंग दिसतो. त्यामुळे पाहण्याचा कोन बदलला की छटाही बदलते, आणि कपड्याचा रंग विटतो तसा हा रंग सहसा विटत नाही. गॅसच्या उजेडात अभिनेत्रीने पाऊल उचलले की सर्व अंगावरून हिरवी लकेर सरकत जावी, ही किमया या पंखांची होती.

अशा पंखांचे भरतकाम ही मूळची भारतीय कला आहे. तलम मलमलीवर सोनेरी जरीच्या साथीने हे पंख टाचण्याचे काम भारतात पूर्वापार होत असे. एकोणिसाव्या शतकात असे कापड आणि सुटे पंख यांची ब्रिटनमध्ये निर्यात होई व तेथील उच्चभ्रू स्त्रिया समारंभांच्या पोशाखांवर त्यांचा वापर करीत. अकराव्या शतकातील स्कॉटलंडची कथा, बोहेमियातील धागा आणि भारतातून इंग्लंडात रुळलेली भरतकामाची रीत अशा तीन दूरच्या गोष्टी या एका झग्यात एकत्र आल्या. ऑस्कर वाइल्ड यांनी या विसंगतीवर कोटी केली होती. ही गृहिणी नवऱ्याचे व नोकरांचे कपडे गावातल्या विणकरांकडून घेते, स्वतःची खरेदी मात्र थेट बायझँटियमला जाऊन करते, असा तिचा आशय होता.

चित्राची निर्मिती

जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) हे अमेरिकन आईवडिलांच्या पोटी फ्लॉरेन्स येथे जन्मलेले आणि पॅरिसमध्ये शिकलेले चित्रकार होते. १८८४ च्या पॅरिस सालोन प्रदर्शनात त्यांच्या 'मादाम एक्स' या व्यक्तिचित्रावरून मोठा गदारोळ झाला. त्यानंतर १८८६ मध्ये ते लंडनला स्थायिक झाले. चेल्सी भागातील टाइट स्ट्रीटवर चित्रकार व्हिस्लर यांचा पूर्वीचा स्टुडिओ त्यांनी घेतला होता. लंडनमध्ये अजून त्यांचा जम बसायचा होता.

'मॅकबेथ'च्या पहिल्याच प्रयोगाला सार्जंट उपस्थित होते. टेरी यांचे त्या वेशातील दर्शन त्यांना इतके भावले की त्यांनी स्वतः होऊन चित्र काढण्याची इच्छा व्यक्त केली. टेरी पूर्ण वेशात घोडागाडीने टाइट स्ट्रीटवर येऊ लागल्या. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या वाइल्ड यांनी यावरही आपल्या शैलीत टिप्पणी केली. पावसाळी, उदास सकाळी भाड्याच्या गाडीत बसलेली लेडी मॅकबेथ ज्या रस्त्याने पाहिली, तो रस्ता पुन्हा कधी सामान्य रस्ता राहू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चित्र चालू असताना चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स स्टुडिओत आले आणि त्यांनी रंगांबाबत सुचविलेले बदल सार्जंट यांनी तत्काळ स्वीकारले, अशी नोंद टेरी यांनी केली आहे.

सार्जंट यांच्या मनात प्रथम निराळा प्रसंग होता. लेडी मॅकबेथ गढीच्या दारातून राजा डंकनच्या स्वागतासाठी बाहेर येते आणि दोन्ही बाजूंना तिच्या दासी वाकून उभ्या आहेत, असा तो प्रवेश होता. या कल्पनेचे एकरंगी तैलचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. हा प्रसंग नाटकात आहे आणि प्रयोगातही होता. सार्जंट यांनी मोठ्या कॅनव्हासवर तो घेतला नाही. त्यांनी दासी काढल्या, गढी काढली, राजाचे आगमन काढले आणि केवळ एक स्त्री व एक मुकुट एवढेच ठेवले.

चित्राचे वर्णन

चित्राची पार्श्वभूमी गडद निळी असून तीत स्थळाचा निश्चित बोध होत नाही. लेडी मॅकबेथ ताठ उभी आहे. दोन्ही हात वर गेले आहेत आणि त्यांत सोन्याचा मुकुट आहे. तो मस्तकाच्या वर अधांतरी धरलेला आहे. अजून मस्तकावर टेकलेला नाही. हात उचलल्यामुळे लोंबत्या बाह्यांचा मोठा विस्तार दोन्ही अंगांना दिसतो आणि आकृती प्रत्यक्षाहून अधिक उंच भासते. तांबूस केसांच्या सोनेरी बंधांनी गुंफलेल्या दोन लांब वेण्या जवळजवळ गुडघ्यांपर्यंत उतरल्या आहेत. या सरळ खाली येणाऱ्या रेषा आणि वर गेलेले हात यांतून चित्राची रचना साधली आहे.

चेहरा अतिशय फिकट रंगविला असून ओठ लाल आहेत. डोळे विस्फारलेले आहेत, पण ते प्रेक्षकाकडे किंवा मुकुटाकडे पाहत नाहीत. मुद्रेवर विजयाचा आनंद आहे की भय, याचा निर्णय करणे कठीण जाते. पोशाखाच्या चित्रणात सार्जंट यांनी प्रत्येक पंख वेगळा रेखाटण्याचा प्रयत्न केलेला नाही. हिरव्या, निळ्या व सोनेरी रंगांचे सुटे, जलद फटकारे जवळून पाहता नुसते रंगाचे ठिपके वाटतात. काही पावले मागे सरले की त्यांतून चमक उमटते. स्थिर रंगांतून हलत्या प्रकाशाचा आभास निर्माण करण्याचे हे कौशल्य सार्जंट यांच्या चित्रशैलीचे वैशिष्ट्य मानले जाते.

रंगमंचावर न घडलेला क्षण

शेक्सपिअरच्या नाटकात मॅकबेथचा राज्याभिषेक रंगमंचावर होत नाही. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो अभिषेकासाठी स्कोनला गेल्याचे संवादातून कळते आणि तिसऱ्या अंकात तो राजा व ती राणी म्हणून प्रवेश करतात. लेडी मॅकबेथने स्वतःच्या हाताने मुकुट धारण करणे तर कोठेच नाही. मुकुटाचा विचार मात्र तिच्या मुखी प्रथमपासून आहे. पतीचे पत्र वाचल्यावरच्या स्वगतात ती त्या सुवर्णवलयाचा उल्लेख करते. म्हणजे सार्जंट यांनी चितारलेली कृती नाटकात घडत नसली, तरी ती तिच्या मनात सतत घडत असते.

या दृष्टीने चित्राकडे पाहिले तर मुकुट मस्तकावर न टेकण्याचे औचित्य ध्यानात येते. ती इच्छा आणि पूर्ती यांच्यामधल्या अवस्थेत आहे. मुकुट धारण करण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही. तिच्याभोवती पुरोहित नाही, दरबार नाही, पतीही नाही. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे असे टेरी मानत होत्या, तोच चित्रात अनुपस्थित आहे. त्यामुळे टेरी यांनी साकारलेली पतिनिष्ठ स्त्री आणि सार्जंट यांनी रंगविलेली एकाकी राणी यांच्यात काही अंतर राहते. असे असूनही टेरी यांनी हे चित्र आपले मानले. अभिनयातून जे व्यक्त करण्याची आपली इच्छा होती ते सार्जंट यांनी चित्रातून सुचविले आहे, या आशयाचे उद्गार त्यांनी काढले आहेत.

याच प्रयोगाच्या वेशात टेरी यांची 'विंडो अँड ग्रोव्ह' या लंडनच्या छायाचित्रशाळेने काढलेली छायाचित्रेही उपलब्ध आहेत. त्यांत वेण्यांची लांबी, बाह्यांचा घेर, नक्षीचे स्थान हे तपशील अचूक कळतात. परंतु ती एकरंगी असल्याने पंखांचा हिरवा रंग त्यांत उतरत नाही, आणि चेहऱ्यावरील भावही थिजलेले वाटतात. सार्जंट यांच्या चित्रात रंग आणि भाव आहेत, पण प्रसंग कल्पित आहे. म्हणून प्रयोगाचा अभ्यास करताना ही साधने एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. चित्राला प्रयोगाची हुबेहूब नोंद समजणे चुकीचे ठरते. एका कलावंताने दुसऱ्या कलावंताच्या भूमिकेवर केलेले ते भाष्य आहे.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

१८८९ च्या उन्हाळ्यात हे चित्र लंडनच्या न्यू गॅलरीत प्रथम प्रदर्शित झाले. ही गॅलरी १८८८ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्या संस्थापकांपैकी एक जोसेफ कॉमिन्स कार हे पोशाखाची कल्पना करणाऱ्या ॲलिस यांचे पती होते. चित्रासमोर दररोज दाट गर्दी होत असे. टेरी यांच्या भूमिकेवरून जसे वाद झाले, तसेच या चित्रावरूनही झाले. रंगांचा भडकपणा आणि मुद्रेची उग्रता काहींना खटकली, तर चित्राच्या धाडसाची इतरांनी प्रशंसा केली. सार्जंट यांचे नाव लंडनच्या कलाजगतात सर्वतोमुखी होण्यास या चित्राचा हातभार लागला.

मालकीचा इतिहास

चित्र हेन्री अर्व्हिंग यांनी विकत घेतले आणि लायसियम नाट्यगृहातील 'बीफस्टेक रूम' या भोजनगृहात लावले. प्रयोगानंतर अर्व्हिंग तेथे पाहुण्यांना मेजवानी देत असत. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्ड येथे दौऱ्यावर असताना अर्व्हिंग यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाचा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात लिलाव झाला. १९०६ मध्ये कलावस्तूंचे व्यापारी सर जोसेफ ड्युव्हीन यांनी हे चित्र राष्ट्राला भेट दिले आणि ते टेट संग्रहात दाखल झाले.

पोशाखाचे जतन

चित्रातील पोशाखही टिकून आहे, ही असाधारण गोष्ट होय. टेरी यांनी तो अनेक वर्षे, दौऱ्यांवरही वापरला. क्रोशाची वीण सहज अडकून उसवत असे व पंख गळून पडत. वेळोवेळी त्याला ठिगळे लागली आणि त्याच्या बेतातही बदल झाले. टेरी यांनी १८९९ मध्ये केंट परगण्यातील स्मॉलहाइथ प्लेस हे घर घेतले व १९२८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या एडिथ क्रेग यांनी घर व त्यातील नाट्यसंग्रह जपला आणि १९३९ मध्ये तो नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केला.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पोशाखाची स्थिती अत्यंत नाजूक झाली होती. ब्राइटन येथील तज्ज्ञांनी सुमारे १३०० तास काम करून त्याचे संवर्धन केले आणि २०११ मध्ये तो स्मॉलहाइथला परत आला. संवर्धकांनी नंतर केलेले फेरफार उकलून झग्याचा मूळ आकार पुन्हा साधला. तुटलेले पंख फेकून न देता त्यांच्या मागे जपानी पातळ कागदाचे तुकडे गव्हाच्या खळीने चिकटवून ते सांधले. २०२४ मध्ये टेट ब्रिटनमध्ये भरलेल्या 'सार्जंट आणि फॅशन' या प्रदर्शनात हा पोशाख आणि चित्र एकाच ठिकाणी पाहण्याची संधी प्रेक्षकांना मिळाली.

पोशाखाच्या संवर्धनाचा आणखी एक परिणाम झाला. चित्राच्या नावात टेरी यांचा उल्लेख येतो. ज्यांच्या कल्पनेतून व सुईतून हा वेश साकारला त्या ॲलिस कॉमिन्स कार आणि एडा नेटलशिप यांची नावे बराच काळ अभ्यासकांपुरतीच मर्यादित होती. आता पोशाखासोबत त्यांचाही उल्लेख आवर्जून होतो.

मराठी रंगभूमीवरील 'मॅकबेथ'

'मॅकबेथ'शी मराठी रंगभूमीचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम महादेव परांजपे यांनी या नाटकाचे 'मानाजीराव' या नावाने रूपांतर केले. पुढे वि. वा. शिरवाडकर यांनी त्याचे 'राजमुकुट' हे रूपांतर लिहिले. १९५४ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाने सादर केलेल्या 'राजमुकुट'मध्ये नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे यांनी प्रमुख भूमिका केल्या. सार्जंट यांनी चित्राचा केंद्रबिंदू म्हणून जी वस्तू निवडली, तीच शिरवाडकरांनी नाटकाचे नाव म्हणून निवडली, हे साम्य लक्षणीय आहे. मुकुट हे या नाटकातील अभिलाषेचे मूर्त रूप आहे, हे दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे जाणवलेले दिसते.